हीटरमधून गार वारा आला त्या सकाळी

पाटणसावंगीच्या टोलवर गाडी थांबली आणि बाजूला बसलेली आई म्हणाली, "अरे, हे थंडीच फेकून राहिलं नं. बंद कर ते."

जानेवारीतला शनिवार, सकाळचे पावणेसात. आधी जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन घ्यायचं आणि मग छिंदवाड्याला बहिणीकडे जायचं, म्हणून नागपुरातून सहालाच निघालो होतो. बाहेर आठ-नऊ अंश असतील. कोराडीच्या वीज केंद्राजवळून येताना कूलिंग टॉवरवरची पांढरी वाफ जागची हलत नव्हती. आईचे गुडघे थंडीत धरतात, त्यामुळे निघाल्यापासून हीटर सुरू होता. मला वाटलं नॉब चुकून निळ्याकडे सरकला असेल. पाहिलं तर तो पार लालच्या टोकाला. जाळीपुढे हात धरला, वारा गार. दहा मिनिटांपूर्वी मोकळ्या रस्त्यावर हाच वारा चांगला कोमट होता.

टोल ओलांडला, गाडीने सत्तरचा वेग धरला आणि वारा पुन्हा गरम झाला. सावनेरच्या चौकात थांबलो, परत गार. निघालो, परत गरम. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "काहीतरी बिघडलंय, एकदा दाखवून घे." मी म्हणालो, "अगं, तापमानाचा काटा तर मधोमध आहे." तो होताच. शिवाय घरून निघण्याआधी बॉनेट उघडून कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रसायन मिसळलेल्या पाण्याचा, डबाही पाहिला होता. पाणी दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. डबा ठीक, काटा ठीक, फक्त हीटर कुरकुरतोय, असा हिशोब करून मी पुढे निघालो. त्या सकाळी गाडीत खरं बोलणारा एकटा हीटरच होता, आणि मी बाकी दोघांवर विश्वास ठेवला.

ही चूक माझ्या एकट्याची नसावी, असं मला मनापासून वाटतं. नागपुरात गाडी घेताना आपण एसी दहा वेळा तपासतो, हीटर कोणी लावूनही पाहत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता तसे दिवस क्वचितच येतात. एरवी हीटर वर्षातून तीन-चार आठवडे लागला तर लागला. त्यामुळे तो चालतो कसा, हेही आपल्याला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. मी समजायचो की एसीसारखंच त्याचंही काही वेगळं यंत्र असेल. तसं नसतं. पेट्रोल-डिझेलच्या साध्या गाडीत हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनभोवती फिरून तापलेलं कूलंट दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागे येतं. तिथे पाण्याची उष्णता हवेत सोडणारा, बारीक नळ्यांचा एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा आपल्या पायांवर येते.

आता हे कूलंट कमी झालं की काय होतं? रिकाम्या जागेत हवा शिरते आणि हवा नेहमी वरची जागा शोधते. बऱ्याच गाड्यांत हीटर कोअर आणि त्याच्या नळ्या उंचावर असतात, म्हणून हवा तिथे जाऊन बसते. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता नुसतं सुरू असताना, पाण्याचा पंप हळू फिरतो, त्याला ती हवा ढकलून पाणी वर चढवणं जमत नाही. ॲक्सिलरेटर दिला की पंप जोरात फिरतो, थोडं गरम पाणी कोअरमध्ये पोचतं आणि वारा गरम होतो. थांबलं की गार, धावलं की गरम. सावनेरपर्यंत माझी गाडी मला हेच तीन-तीनदा सांगत होती.

जामसावळीला दर्शन छान झालं. झोपलेल्या मुद्रेतला मारुती पाहायला शनिवारी गर्दी असतेच, पण एवढ्या सकाळी रांग लहान होती. तासभर गाडी उभी राहिली. परत आलो तेव्हा बॉनेटपाशी एक गोडसर, कोंदट वास आला. कोणाच्या प्रसादाचा असेल असं वाटून मी तिकडे लक्ष दिलं नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलला असाच गोड वास येतो. तो वास आता मी कुठेही ओळखेन.

सौंसर मागे पडलं आणि पुढे सिलेवानीचा घाट लागला. समोर लाकडं भरलेला ट्रक होता, त्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो. आता इंजिन जोरात फिरत असतानाही हीटरचा वारा गारच होता. आईने शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. मी काट्याकडे पाहिलं तर तो मधोमध. पुन्हा पाहिलं तर मधल्या रेघेच्या किंचित खाली आला होता. मला तर बरंच वाटलं. आणि मग मिनिटभरात तो उठला आणि सरळ लालपर्यंत गेला.

काटा आधी खाली का आला, हे मला दोन दिवसांनी कळलं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असायला हवा. त्याच्याभोवती पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा आला की त्याला इंजिनची खरी उष्णता लागतच नाही. धातू आत तापत असतो आणि सेन्सर सांगतो सगळं ठीक आहे. त्यात भर म्हणजे बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. तापमान थोडं वरखाली झालं तरी तो मधून हलत नाही, म्हणजे चालवणारा उगाच घाबरू नये. पण त्यामुळे तो हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माझ्या मामांनी मला गाडी शिकवली. त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की गाडी तापली तर हीटर फुल लाव, इंजिनची गर्मी आत ओढली जाते. सल्ला चुकीचा नाही. हीटर कोअर हा दुसरा रेडिएटरच आहे. मी एसीचं बटण बंद असल्याची खात्री केली, पंखा चारवर नेला. जाळीतून बर्फासारखा वारा आला. तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. लालवर गेलेलं इंजिन आणि गार हीटर, याचा अर्थ हीटरपर्यंत पाणी पोचतच नाहीये. जे पाणी तिथे पोचत नाही ते इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे त्याच्या वरच्या भागात, तरी कितीसं उरलं असेल? कडेला जागा दिसली तिथे गाडी घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पाणी नसलेल्या जागी ते एकाच बाजूने भाजून निघतं आणि वाकतं. मग हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं, आणि काम हजारांवरून सरळ पाच आकड्यांवर जातं. आणखी दोन वळणं चढलो असतो तर माझं तेच झालं असतं.

समोरचा ट्रकही वर जाऊन थांबला होता. त्याचे चालक खाली चालत आले. साठीचे असतील, डोक्याला मफलर. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "ढाकन नाही खोलायचं भाऊ. आत्ता खोलाल तं तोंड भाजन."

मी हात मागे घेतला. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवरच्या नागपुरात साधं पाणी जेमतेम ९९ अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर ते साधारण १०७ वर जातं. वरून झाकणाचा दाब साधारण एक बारचा, त्यामुळे उकळण्याचं तापमान १२५ च्या आसपास पोचतं. आत ११० अंशांचं पाणी गप्प बसलेलं असतं ते केवळ त्या दाबामुळे. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम वाफ होऊन वर येतं. त्या काकांनी हे आकडे सांगितले नाहीत, पण आपला उजवा हात दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत आणि फिकी होती. एवढंच म्हणाले, "त्याहीवेळी मले घाई झाली होती."

पन्नास मिनिटं थांबलो. मग जाड टॉवेलची चौपदरी घडी झाकणावर दाबून पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं. फुस्स करून थोडी वाफ गेली. ती पूर्ण थांबल्यावर झाकण काढलं. आत पाहिलं तर पाणी दिसेना. बोट घातलं, कोरडं. आणि बाजूचा प्लास्टिकचा डबा मात्र अजूनही दोन खुणांच्या मध्ये भरलेला! मी तिथे उभा राहून त्या डब्याकडे बराच वेळ पाहत होतो. सकाळी याच्याच भरवशावर तर निघालो होतो.

आमच्याकडे घरून भरलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. काकांनी सांगितलं तसं हळूहळू ओतलं, कारण गरम इंजिनवर एकदम गार पाणी पडलं तर धातू तडकतो. पहिला एक लिटर आवाज न करता आत गेला. दुसऱ्यातून अर्धा गेला. मग त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं, झाकण उघडंच ठेवून, हीटर लालवर. मिनिटभराने रेडिएटरच्या तोंडाशी गुडगुड झालं, मोठा बुडबुडा फुटला आणि पाणी एकदम खाली गेलं. आणखी पाव लिटर. साडेचार लिटरच्या गाडीत पावणेदोन लिटर पाणी मावलं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रिकामं होतं.

गाडीच्या आतून आईचा आवाज आला, "आलं रे, आलं!" मी खिडकीतून पाहिलं. तिने दोन्ही तळवे जाळीपुढे धरले होते. इंजिन आयडलवरच होतं.

काका चहालाही थांबले नाहीत. आम्ही चाळीस-पन्नासच्या वेगाने, मध्ये दोनदा थांबून छिंदवाडा गाठलं, रविवारी त्याच सावधपणे परतलो आणि सोमवारी सकाळी गाडी घाट रोडवर आमच्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून आधी काही खोललं नाही. रेडिएटरकडे जाणारी वरची जाड नळी दाखवली. थंड इंजिनवर ती मधून आत ओढल्यासारखी चपटी झाली होती. "हे कधीपासून असं आहे भाऊ?" मला आठवलं, दिवाळीच्या सुमारास वायपरचं पाणी भरताना ती तशी दिसली होती. रबर जुनं झालं असेल असं वाटलं होतं.

मग त्यांनी झाकण हातात घेतलं आणि उलटं करून मधली छोटी पितळी चकती नखाने ओढून दाखवली. ती हलायला पाहिजे, हलेना. तिच्याभोवती पांढरा खडूसारखा थर चढला होता. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात, हे मला त्या दिवशी कळलं. गाडी तापून पाणी फुगलं की मोठी झडप उघडून जादा पाणी डब्यात जातं. गाडी थंड झाली की आत पोकळी तयार होते आणि ही लहान चकती उघडून डब्यातलं पाणी परत आत ओढून घेते. चकती चिकटली की जाण्याचा रस्ता सुरू, येण्याचा बंद. "डबा पाहून काय होते भाऊ," मिस्त्री म्हणाले, "थंड्या गाडीत झाकन खोलून रेडिएटर पाहा लागते."

"पण मग पाणी डबा सांडून वाहायला पाहिजे होतं," मी विचारलं. त्यांना प्रश्न आवडला. पाणी दुसरीकडूनही जात होतं. त्यांनी झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावला, हातपंपासारखं दाबून काटा एक किलोवर नेला आणि म्हणाले, "आता बोलू नका, पाहा." काटा अगदी सावकाश उतरू लागला. ते टॉर्च घेऊन पंपाखाली वाकले. पाण्याच्या पंपाच्या पोटाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं तर पाणी तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली गुलाबी-पांढरी पापडी धरली होती. पाच मिनिटांनी तिथे एक थेंब जमला, फुगला आणि सुटला. एवढाच. चालत्या गाडीत हा थेंब गरम लोखंडावर पडतो आणि जागीच उडून जातो. म्हणून आमच्या पार्किंगमध्ये फरशीवर कधी डाग पडला नाही. आणि रात्री गाडी थंड होताना, झाकणाची चकती बंद असल्यामुळे, त्याच निकामी सीलमधून हवा आत ओढली जात होती.

"पानी कोनतं टाकलं होतं?" त्यांनी विचारलं.

बोअरचं. मे महिन्यात. तेव्हा ४५ अंशांच्या दुपारी वर्धा रोडवरच्या गर्दीत गाडीचा एसी दहा मिनिटं गरम वारा मारायचा आणि मोकळा रस्ता मिळाला की आपोआप नीट व्हायचा. मी एका एसी दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्यांनी गॅस कमी आहे म्हणून गॅस भरला, अठराशे रुपये घेतले. इंजिनचं बॉनेट उघडून पाणी पाहिलंच नाही. घरी आल्यावर मीच डबा पाहिला, तो रिकामा होता, म्हणून बाटलीभर बोअरचं पाणी ओतलं. मिस्त्री म्हणाले की या गाडीत इंजिन फार तापलं की कॉम्प्युटरच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनवरचा भार कमी व्हावा म्हणून. म्हणजे कूलंट मेमध्येच कमी होऊ लागलं होतं आणि गाडीने तेव्हा एसीमधून सांगितलं, जानेवारीत हीटरमधून. गॅसचे पैसे गेल्याचं मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की दाखवायला नेलेली गाडी कोणी नीट पाहिली नाही.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. बादलीला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनच्या आत बसतो, आणि तिथे तो उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. हीटर कोअरच्या नळ्या तर अगदी बारीक, त्या आधी तुंबतात. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. साधं पाणी घालत गेलं की ती पातळ होत जातात. आपल्या हवेत पाणी गोठण्याची भीती नाही, मग कूलंट कशाला, असं म्हणणारे लोक मला भेटतात. आपल्याला ते उकळू नये आणि गंजू नये म्हणून हवं असतं. घाटात मी घरचं पिण्याचं पाणी घातलं ते नाइलाजाने, तेवढ्यापुरतं.

सगळ्यात जास्त जीव अडकला होता तो हेडमध्ये. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर तिथे ताकासारखा फेस दिसतो. काळंभोर स्वच्छ ऑइल निघालं. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडाशी ते तीन-चार मिनिटं नुसते बघत बसले. गॅस्केट गेलं असतं तर एकसारखे बुडबुडे आले असते. ते आले नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. "वाचली भाऊ. वेळेवर बंद केली तुम्ही." हे ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसलो.

काम दीड दिवस चाललं. पाण्याचा पंप नवा, झाकण नवं, वरची नळी आणि तिच्या क्लिपा नव्या. जुनं पाणी टबात काढलं तर ते चहापेक्षा गडद. हीटरच्या दोन्ही नळ्या काढून कोअरमध्ये उलट्या बाजूने पाणी सोडलं, तेव्हा तपकिरी गाळाबरोबर पांढरे कण बाहेर आले, रव्याएवढे. पाणी स्वच्छ येईपर्यंत त्यांनी ते थांबवलं नाही. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. मी विचारलं, गुलाबी की हिरवं? ते म्हणाले, रंग पाहू नका, गाडीच्या पुस्तकात कोणत्या जातीचं लिहिलं आहे ते पाहा. एकाच रंगात वेगवेगळ्या जाती मिळतात आणि न जुळणारे दोन प्रकार एकत्र झाले तर आतली रसायनं बिघडतात.

हवा काढण्याचं काम मी जवळ उभं राहून पाहिलं. गाडीचं तोंड जॅकवर उंच केलं, रेडिएटरच्या तोंडात मोठं नरसाळं बसवलं, ते अर्धं भरलं आणि इंजिन आयडलवर सोडलं. हीटर लालवर. नरसाळ्यात आधी मोठे बुडबुडे, मग बारीक. साधारण पंधरा मिनिटांनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडला, पाणी एकदम अर्धा वीत खाली गेलं आणि शेवटची हवा बाहेर पडली. मिस्त्रींनी बॉनेटखाली हात घालून हीटरच्या दोन्ही नळ्या चिमटीत धरल्या आणि मला म्हणाले, "तुम्हीही धरा." दोन्ही सारख्याच गरम. एक गरम आणि एक गार असती तर कोअर तुंबलेलं किंवा आत हवा. दोन्ही गार असत्या तर पाणी कमी, नाहीतर थर्मोस्टॅट उघडाच राहिलेला. थर्मोस्टॅटची खूण उलटी असते म्हणे: उभ्या गाडीत हीटर गरम आणि मोठ्या वेगात गार. आणि काचेला आतून चिकट धुकं धरून गोड वास आला, पायाखालची मॅट ओली झाली, तर हीटर कोअरच गळतंय समजायचं.

बिल झालं पाच हजार सातशे. मी जुनं झाकण मागून घेतलं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, चकती अजून चिकटलेलीच.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी सकाळी गाडी थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी तोंडापर्यंत आहे का पाहतो. मग झाकण लावून, गाडी आवारात मोकळ्यावर घेऊन, दारं उघडी ठेवून इंजिन दहा-बारा मिनिटं आयडलवर चालवतो आणि हीटर लावतो. मे महिन्यातही. गेल्या मेमध्ये सकाळी आठलाच अंगाची लाही होत होती. शेजारचे काका फाटकापाशी थांबून विचारत होते, "काऊन रे, या गर्मीत हीटर?" मी त्यांना जाळीपुढे हात धरायला सांगितला. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता आणि वारा कढत होता. त्यांनी हात मागे घेतला, थोडा वेळ विचार केला आणि आपल्या गाडीची किल्ली आणायला घरात गेले.